कैलास घारेचा लांबलेला नवस

मित्रासाठी औषध न्यायला येणारे पुरुष मी चौतीस वर्षं बघते आहे. लोणावळ्यात इतकी घट्ट मैत्री नांदते हे बाहेरच्या माणसाला सांगून खरं वाटणार नाही. येतात, खोकल्याच्या गोळ्यांचं एक पाकीट मागतात, दुसरं गिऱ्हाईक जाईपर्यंत टूथब्रश चाळत उभे राहतात आणि मग आवाज खाली आणून म्हणतात, “एका मित्राला पाहिजे होती.” मी डॉक्टरची चिठ्ठी मागते. चिठ्ठी नेहमी मित्राकडेच राहिलेली असते.

कैलास घारेही एका शनिवारी असाच टूथब्रश चाळत उभा राहिला, तेव्हा मला हसू आलं आणि मग वाईट वाटलं. कारण त्याची चिठ्ठी मला पाठ होती.

कैलास पवनानगरच्या पलीकडचा. धरणाने आजोबांची निम्मी जमीन नेली, उरलेल्या निम्मीत इंद्रायणी भात होतो आणि पाण्याकडे उतरणारा जो तुकडा कशाच्याच कामाचा नव्हता, त्यावर तो आठ वर्षांपासून टेंट लावतो. पुण्या-मुंबईची जोडपी येतात, रात्र काढतात, सकाळी पोहे खाऊन जातात. वय एक्केचाळीस, आवाज दणदणीत, मिशी भरघोस. दर शनिवारी जीप घेऊन लोणावळ्याला यायचा. कोळसा, पनीर, कागदी ताटल्या अशी खरेदी करायचा आणि जाता जाता माझ्याकडे थांबून बँडेज आणि उलटीच्या गोळ्या न्यायचा. “ताई, लय गिऱ्हाईक हाय आज,” असं रस्त्यापलीकडूनच ओरडायचा. मला हा माणूस आवडायचा. उधारी करत नसे म्हणून नव्हे. सकाळपासून तोंड वाकडं करून आलेल्या गिऱ्हाइकांत तो एकटा हसत यायचा म्हणून.

मागच्या वर्षीच्या भातलावणीत त्याला काहीतरी झालं. ‘काहीतरी’ असंच म्हणावं लागतं, कारण तसं काहीच झालं नव्हतं. घरात कुणी गेलं नव्हतं, भाऊबंदांशी भांडण नव्हतं, टेंट भरत होते. एक दिवस तो बांधावर बसला आणि उठला नाही. बायका चिखलात वाकून रोपं लावत पुढे सरकत होत्या आणि हा बसून होता. दुसऱ्या दिवशीही बसला, तिसऱ्याही. ताट समोर आलं की डोळ्यांत पाणी यायचं. आपल्याकडे दुःखाला कारण लागतं, म्हणून घरात कारणाचा शोध सुरू झाला. त्याची आई कस्तुराबाई म्हणाली, नजर लागली. बायको सारिका काहीच म्हणाली नाही, ती त्याच्या शेजारी बांधावर जाऊन बसायची. शेजारच्या टेंट-साइटच्या मालकाने चांगली दारू सुचवली.

शेवटी तो एकटाच तळेगावला गेला. झोप येत नाही म्हणून एका डॉक्टरला भेटला, त्यांनी त्याला डॉक्टर नीरजांकडे पाठवलं. त्या मनाच्या आजारांच्या डॉक्टर. त्यांनी अर्धा तास त्याचं ऐकून घेतलं, हे नैराश्य आहे, हा आजार आहे आणि याला औषध आहे असं सांगितलं, रोज एक गोळी दिली आणि तीन आठवडे धीर धरायला सांगितलं. कामशेतच्या दुकानांत सगळे ओळखीचे, तळेगावात निम्मे पाहुणे, म्हणून गोळी घ्यायला तो माझ्याकडे लोणावळ्याला. घरी त्याने सांगितलं, पित्ताची गोळी आहे. मावळात पित्त कुणाला नाही? कुणी पुढे विचारलं नाही.

गोळीने आपलं काम चोख केलं. ऑगस्टच्या शेवटी तो पुन्हा रस्त्यापलीकडून ओरडला, तेव्हा मी काउंटरवरून हात हलवला होता. मला खरोखर आनंद झाला होता. आपण नुसती पाकिटं विकत नाही, असं वर्षातून दोन-तीनदा वाटतं, त्यातली ती एक वेळ.

आणि तोच माणूस सप्टेंबरात मित्रासाठी निळी गोळी मागत होता.

“कैलास,” मी म्हटलं, “मित्राला काय होतंय?”

तो टूथब्रशकडे बघत म्हणाला, “त्याला काय होतच न्हाई, ताई. तीच तर भानगड हाय.”

मग दुकान रिकामं झालं आणि मित्र नाहीसा झाला. जुलैपासून असं चाललं होतं. आधी वाटलं, आजारामुळे असेल. पण आजार गेला, हसू आलं, भूक आली, हे आलं नाही. मनच होत नाही म्हणाला. ऑगस्टात एकदा नेटाने बायकोजवळ गेला, तर शरीर साथ देऊन देऊन शेवटापर्यंत जाईचना. मध्येच उठला आणि टेंटचे खिळे बघून येतो म्हणून बाहेर निघून गेला. “मी रोज वीस-वीस जोडप्यांस्नी टेंट लावून देतो, गुलाबाची फुलं ठिवतो उशावर, आन् माझ्या घरात हे असं,” एवढं बोलून त्याने बाहीने कपाळावरचा घाम पुसला.

मी त्याला सरळ सांगितलं, की हे त्या गोळीने होतं. पुष्कळांना होतं, पुरुषांना होतं, बायकांना होतं. यावर उपाय आहेत. डॉक्टर मात्रा कमी करतात, नाहीतर दुसरी गोळी देतात. तू स्वतः काही करू नकोस, डॉक्टर नीरजांना फोन कर आणि मला सांगितलंस तसं सांग.

“बाईमाणसाला कसं सांगू?”

“मग मी कोण आहे?”

“तुमचं येगळं. तुमी दुकानदार.”

तेवढ्यात एक टोळकं दुकानात शिरलं. त्यातल्या एका मुलीला उलट्या होत होत्या आणि तिघांना एकाच वेळी तीन वेगवेगळी औषधं पाहिजे होती. कैलास जागचा हलेना. “आज घरी गेल्यावर काय सांगू तिला, ते तरी सांगा,” म्हणाला. मला घाई होती, त्याच्या लाजण्याचा थोडा रागही आला होता. मी हातातली पट्टी कापता कापता म्हटलं, “नवरात्र आठवड्यावर आलंय. बस घटी. नऊ दिवस बायको काही विचारणार नाही, तोवर तुला धीर येईल, मग फोन कर डॉक्टरला.”

मावळात गावोगावी घटी बसायची पद्धत आहे. घट बसले की काही पुरुष नऊ दिवस देवळातच राहतात. उपास करतात, अनवाणी फिरतात, जमिनीवर झोपतात आणि घरसंसारापासून लांब राहतात. कुणी का म्हणून विचारत नाही. उलट लोक पाया पडतात. मी हे चेष्टेत बोलले होते. पण चौतीस वर्षं माझ्या काउंटरवरून जे काही सांगितलं जातं, ते लोक औषधासारखं घेतात, हे मला तेव्हा आठवलं नाही.

दसऱ्यानंतर कैलास आला तो अनवाणी, कपाळाला कुंकू. “ताई, तुमची आयडिया लय भारी,” म्हणाला. मी विचारलं, डॉक्टरना फोन केलास का? “करतो. सव्वा महिना वाढवलाय.” सव्वा महिना संपला तेव्हा दिवाळी होऊन गेली होती आणि नवस पुढच्या घटापर्यंत लांबला होता. पूर्ण एक वर्ष. मी त्याच्यावर खेकसले, त्याने मान डोलावली, गोळ्या घेतल्या आणि गेला. सीझन होता, दुकानात उभं राहायला जागा नव्हती. मीही सोडून दिलं. खरं सांगायचं तर मला जरा गंमतच वाटत होती.

तिकडे घरात काय चाललं होतं ते मला पुष्कळ नंतर कळलं. कस्तुराबाईंनी गावभर सांगितलं होतं, की कैलासला एकवीरा आईने बांधावरून उठवलं आणि त्याने आईचा नवस धरला आहे. घरात मटण बंद झालं. कैलास साइटवर लोकांसाठी कोंबडीचे तुकडे भाजायचा आणि घरी येऊन वरणभात जेवायचा. आणि सारिकाने नवऱ्याबरोबर स्वतःही नवस धरला. तिने गादी गुंडाळून माळ्यावर ठेवली आणि तीही त्याच्या चटईच्या दुसऱ्या कडेला जमिनीवर झोपू लागली. नवस संपला की कार्ल्याचा डोंगर अनवाणी चढून ओटी भरीन, असं एकवीरा आईला बोलली. त्याआधीचे तीन महिने तिचे फार वाईट गेले होते. नवरा पाठ फिरवून झोपतो, जवळ आला तर उठून जातो, एवढंच तिला दिसत होतं. साइटवर येणाऱ्या शहरातल्या पोरी तिने एकेक करून मनात तपासल्या होत्या. कामशेतच्या पार्लरमध्ये जाऊन केसही रंगवून आली होती, ते कैलासच्या लक्षातसुद्धा आलं नाही. त्यामुळे नवसाचं ऐकलं तेव्हा तिला हायसं वाटलं. म्हणजे आपलं काही चुकलेलं नाही, देवीचं आहे.

जानेवारीत माझ्या लक्षात आलं, की कैलासने महिन्याच्या गोळ्या दोन महिने पुरवल्या आहेत. हिशेब विचारायच्या आधी तो स्वतःच आला. जीपचा डावा दिवा फुटलेला होता. दुधिवऱ्याच्या खिंडीत कठड्याला गाडी घासली होती, आत चार पाहुणे होते. कुणाला लागलं नाही हे नशीब.

“मान फिरवली की डोक्यात करंट बसतो, ताई. चक्कर येती. भूत लागल्यावानी रडू येतं.”

“गोळी बंद केलीस?”

“आधी एक दिसाआड केली. आता धा दिवस झाले, घेतलीच न्हाई. म्हटलं, गोळी बंद केल्यावर तरी ते येईल परत.”

मी त्याला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, ती काही न घेताच निघून गेली. अशी गोळी एकदम सोडली की शरीर बंड करतं, आणि नुसती चक्कर येऊन भागत नाही, आजार दबा धरून बसलेला असतो तो परत येतो. मी त्याला आतल्या स्टुलावर बसवलं, त्याच्याच फोनवरून डॉक्टर नीरजांना फोन लावला, फोन त्याच्या हातात दिला आणि मी कपाटामागे जाऊन सलाइनच्या बाटल्या उगाच मोजत उभी राहिले. बराच वेळ तो फक्त “व्हय” आणि “न्हाई” म्हणत होता. मग एकदम, एका दमात, सगळं बोलला. मित्राचं नाव न घेता.

दुसऱ्या दिवशी तळेगावला जाऊन आल्यावर तो माझ्याकडे चिठ्ठी घेऊन आला. डॉक्टर रागावल्या का, मी विचारलं. “न्हाई. त्याच म्हनल्या, माझं चुकलं. दर खेपेला मी बाकी सगळं ठीक ना एवढंच विचारत व्हते, नीट विचाराया पायजे व्हतं.” त्यांनी त्याला पूर्वी कधी फिट आली होती का, दारू किती घेतोस, हे विचारलं. मग जुनी गोळी थोड्या मात्रेत पुन्हा सुरू करून तीन आठवड्यांत हळूहळू कमी करायची आणि दुसऱ्या जातीची गोळी सकाळी सुरू करायची, असं ठरलं. या दुसऱ्या गोळीने तसला त्रास सहसा होत नाही. पण ती त्याच्या आजाराला लागू पडेलच, अशी हमी त्यांनी दिली नाही. मीही देऊ शकत नव्हते.

“ताई,” तो चिठ्ठीची घडी घालत म्हणाला, “परत बांधावर बसाया लागलं तर?”

या प्रश्नाची मला भीती वाटत होती. जी गोळी त्याला उठवून उभी करत होती, तीच त्याच्या घरातून काहीतरी काढून नेत होती. ती सोडली तर माणूस हातचा जाईल, धरली तर बायको. मी म्हटलं, “बसावंसं वाटलं तर त्याच दिवशी फोन करायचा. तीन दिवसांनी नाही.” एवढंच मला सांगता आलं.

फेब्रुवारी आम्ही दोघांनी जीव मुठीत धरून काढला. मी उगाच ‘आम्ही’ म्हणत नाही. दर दोन दिवसांनी त्याचा फोन यायचा. दुसऱ्या आठवड्यात झोप उडाली, तोंडाला कोरड पडली, एका दुपारी त्याला भाताच्या खाचराकडे बघवेना. डॉक्टरांनी गोळीची वेळ आणखी लवकर केली, चहा कमी करायला लावला. मग ते हळूहळू निवळलं. मार्चच्या मध्यावर तो दुकानात आला, काहीही मागितलं नाही, काउंटरवर दोन्ही हात ठेवून हळूच म्हणाला, “ताई, आलं.”

मला क्षणभर कळलं नाही. कळलं तेव्हा मी मूर्खासारखी म्हणाले, “अभिनंदन.” तो लाजून पळाला.

चारच दिवसांनी तो पुन्हा समोर. तोंड एवढंसं. त्याने सारिकाच्या खांद्यावर हात ठेवला होता आणि तिने तो उचलून बाजूला केला होता. “अहो, नवस.” हा म्हणाला, देवी समजून घेईल. त्यावर ती रडायला लागली. “तुमी बांधावर बसला व्हता तवा मी तुमच्या शेजारी बसले व्हते. तुमचं तोंड मी बगितलंय. मला परत तितं बसायचं न्हाई. एक वर्स काय, जलमभर मी ह्याच्याबिगर राहीन, पण नवस मोडू द्यायची न्हाई.”

कैलासला बरं करण्याचं श्रेय देवीला गेलं होतं, आणि नवस म्हणजे देवीशी केलेला करार. तो मोडला तर आजार परत येणार, हे तिच्या दृष्टीने सरळ गणित होतं. ती नवऱ्याला वाचवत होती.

“ऑक्टोबरपर्यंत थांबतो,” कैलास म्हणाला. “सात महिने काय, जातील.”

“आणि त्याच्यानंतर? तुला पुढच्या वर्षी नुसता ताप आला तरी ती नवसात काय चुकलं ते शोधत बसेल. आणि ही गोळी तिच्यासमोर पित्ताची म्हणून किती वर्षं खाणार आहेस?”

“तुमी सांगा ना तिला.”

“मी नाही,” मी म्हटलं. “मी सांगितलं की काय होतं ते आपण पाहिलंय.”

त्याने सांगितलं ते साइटवर, एका मंगळवारी. मंगळवारी पाहुणे नसतात, दोघं मिळून टेंट धुऊन वाळत घालतात. त्याने गोळ्यांची पट्टी तिच्या हातात दिली आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. तळेगाव, पित्त, घट, सव्वा महिना, खिंडीतला कठडा. सारिका टेंटची घडी घालता घालता ऐकत राहिली.

“गोळी कवापास्नं?”

“जुलै.”

“आन् हे गोळीनं होतंय, हे कवा कळलं?”

“सप्टेंबरात.”

“म्हंजी मी जमिनीवर झोपाया लागले, तवा तुमाला ठाऊक व्हतं.”

कैलास “व्हय” म्हणाला. तिने घडी पुरी केली, टेंट पिशवीत भरला आणि घरी गेली. चार दिवस त्याच्याशी एक शब्द बोलली नाही. कस्तुराबाईंना वाटलं, सुनेने आता मौनही धरलं. त्या शेजारीपाजारी कौतुकाने सांगून आल्या. कैलासने आईलाही खरं सांगायला तोंड उघडलं, तर सारिकानेच मान हलवून त्याला गप्प केलं. या चार दिवसांत त्याने मला नऊ फोन केले. दर वेळी मी एकच विचारलं, सकाळची गोळी घेतलीस का? घेतली होती.

चैत्रातली एकवीरेची जत्रा उरकून कार्ल्याच्या डोंगरावरची गर्दी ओसरली, त्यानंतर एका सकाळी माझ्या दुकानात एक बाई आली. चाळिशीच्या आतली, सडसडीत, पायात चप्पल नाही, हातात नारळाच्या प्रसादाची पिशवी. पाय धुळीने माखलेले होते. रस्त्यापलीकडे ओळखीची जीप उभी होती आणि जीपमध्ये कैलास समोर बघत बसला होता.

“तुमीच का त्या ताई?” तिने विचारलं.

मी तिला आत घेतलं आणि स्टूल पुढे केलं. तिने पिशवीतून खोबऱ्याचा तुकडा काढून माझ्या हातावर ठेवला. “आत्ताच वर जाऊन आले. नवस फेडला.”

मी जरा चाचरत म्हटलं, “पण तो नवस तर—”

“त्यांचा खोटा व्हता. माझा खरा व्हता. ते बरं व्हावं म्हणून मी आईला बोलले व्हते, आन् ते बरं झाले. आता तुमच्या गोळीनं का आईनं, ते तुमी आन् आईनं बगून घ्या. मी माझं देणं दिलं.”

मी आयुष्यभर नवस-सायासांना नावं ठेवत आले आहे, पण तो खोबऱ्याचा तुकडा मी कपाळाला लावून तोंडात टाकला.

मग तिने तिचे प्रश्न विचारले, आणि ते एकेक प्रश्न असे होते, की मला तिच्या नवऱ्याचा राग यायला लागला. ही गोळी किती दिवस घ्यावी लागेल? अजून निदान काही महिने, डॉक्टर सांगतील तोवर, मी म्हटलं. जेवणाआधी का नंतर? चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या का? अजिबात नाही. परत तसं व्हायला लागलं, तर आधी काय दिसेल? मी सांगितलं, झोप बिघडेल, जेवणावरून मन उडेल, बोलणं कमी होईल; तुला माझ्या आधी कळेल, मग लगेच डॉक्टरना फोन कर. तिने डॉक्टरांचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये घातला. “पुढच्या खेपेला मी बी जाणार हाय संगं,” म्हणाली. इतकं नीट विचारणारं गिऱ्हाईक मला वर्षानुवर्षांत मिळालेलं नव्हतं, आणि हिच्यापासूनच सगळं लपवून ठेवलं होतं.

मला राहवलं नाही. मी म्हटलं, “सारिका, एक सांगायचंय. घटी बसायचं मीच सुचवलं होतं त्याला. चेष्टेत बोलले.”

“ठाऊक हाय. त्यांनी सांगितलं. म्हणून तर आले.” तिने माझ्याकडे नीट बघितलं. आवाज चढवला नाही. “तुमी बाईमाणूस, मावशी. तुमाला माझा इचार आला न्हाई?”

“नाही आला,” मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार? कैलासची चिठ्ठी मला पाठ होती, त्याचा आजार, त्याची मात्रा, त्याची लाज, सगळं मला माहीत होतं. त्याला बायको आहे हेही माहीत होतं; नऊ दिवस जिने काही विचारायचं नाही, एवढीच ती माझ्या लेखी होती. मी तिची माफी मागितली.

“थांबायचं मला काय बी नव्हतं,” ती म्हणाली. “दोन वर्सं म्हनले असते तर दोन वर्सं थांबले असते. आजारी माणसाशी कुणी हट्ट करतं का? पण मी त्यांच्यासाठी थांबत व्हते आन् ते माझ्यापास्नं लपत व्हते. एका घरात, एका चटईवर. सांगितलं असतं, तर दोगं मिळून थांबलो असतो की.”

तिने महिन्याच्या गोळ्या मागून घेतल्या, पट्टीवरची तारीख वाचली, पैसे दिले. पायरीवरून खाली उतरता उतरता ती घाईत म्हणाली, “निगते, मावशी. सकाळी गादी उन्हात टाकून आले, सांजच्या आत काढाया पायजे.”